दारूशिवायचा पंच, पण सरबत नव्हे

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातली सोसायटी, 31 डिसेंबरची रात्र, गच्चीवर पन्नासेक माणसं, त्यात पंधरा-वीस मुलं आणि बरेच आजी-आजोबा. दारूचा थेंबही नको. मागच्या वर्षी खोक्यातले तीन-चार रस आणि लिंबाचा सोडा एका पातेल्यात ओतला, तर तासाभरात सगळं गोडमिट्ट आणि पचपचीत झालं, सफरचंदाच्या फोडी काळ्या पडल्या आणि अर्धे भरलेले ग्लास कठड्यावर तसेच राहिले. यंदा काय करावं, आधी करून ठेवता येईल का, आणि एकूण किती लागेल?

लग्नकार्यात पेयांचा काउंटर लावणं हा माझा धंदा आहे, आणि हे अर्धे भरलेले ग्लास मला चांगले ओळखीचे आहेत. दोष फळांचा नव्हता, माणसांचाही नव्हता. पंचातून दारू काढली की तिच्या जागी काहीतरी घालावं लागतं, आणि ते बहुतेक जण घालत नाहीत. मग उरतो तो फळांचा रस. फळांचा रस माणूस तहान लागली की गटागट पितो आणि तहान भागली की ग्लास ठेवून देतो. पार्टीतलं पेय मात्र हातात अर्धा तास राहायला हवं, गप्पा मारता मारता घोट घोट जायला हवं.

मूळ पंच आपल्याच किनाऱ्यावरचा. 17व्या शतकात सुरतेच्या वखारीतले इंग्रज अरक (गाळलेली देशी दारू), लिंबू, साखर, मसाला आणि पाणी एकत्र करून पीत. यात अरकाचं काम नुसतं नशा आणण्याचं नव्हतं. घशाला चटका लागतो, जिभेवर कडवट-तुरट चव रेंगाळते, त्यामुळे माणूस सावकाश पितो आणि गोडाचा कंटाळा येत नाही. अरक काढला तर ही तीन कामं दुसऱ्या कुणाकडून तरी करून घ्यायला हवीत. मी चटक्यासाठी आलं आणि मिरी घेतो, तुरटपणासाठी चहा, आणि कडवट सुगंधासाठी संत्र्याची साल. फळं कुठलीही असोत, हे तीन असतील तर पंच होतो. नसतील तर सरबत होतं. सरबतही वाईट नाही, पण ते दुपारी चार वाजता प्यायचं.

आता प्रमाण. पन्नास माणसं, दीडशे मिलिलिटरचा ग्लास, माणशी दोन ग्लास, म्हणजे 15 लिटर. घाबरू नका, यातलं सगळं तुम्हाला पिळायचं नाहीये. साधारण 10 लिटर मूळ मिश्रण, 3 लिटर सोडा आणि उरलेलं वितळणारा बर्फ भरून काढतो. 10 लिटरचा माझा हिशोब असा: संत्र्याचा रस 3 लिटर, अननसाचा 2, डाळिंबाचा 1, गार काढलेला चहा 2, आलं-मसाल्याचा काढा 1 लिटर, लिंबाचा रस 400 मिलिलिटर आणि साखर 600 ग्रॅम. शिवाय चहाचा चपटा चमचाभर साधं मीठ. मिठाने पेय खारट होत नाही. ते कडवटपणा दाबतं आणि फळाची चव वर आणतं. काळं मीठ मात्र घालू नका, त्याचा वास आला की सगळा पंच जलजिऱ्याच्या गाडीवर जाऊन उभा राहतो.

यासाठी बाजारातून संत्री साधारण आठ किलो, मध्यम आकाराचे चार अननस, डाळिंबं तीन किलोला थोडी कमी आणि पंचवीसेक लिंबं आणा. रसाचा उतारा फळागणिक बदलतो, म्हणून संत्री किलोभर जास्तच घ्या. उरली तर खाल्ली जातात.

डिसेंबरात मिळणारी नागपुरी संत्री आंबिया बहाराची. मृगाच्या बहाराची फेब्रुवारीनंतर येतात, ती जास्त गोड. आंबियाला आंबटपणा अधिक, आणि पंचाला तोच हवा. पण नागपुरी संत्र्याची एक खोड आहे, तिने भल्या भल्या यजमानांना फसवलंय: रस ताजा असताना मधुर लागतो आणि काही तासांनी कडू होतो. सालीखालच्या पांढऱ्या भागात, फोडींच्या पापुद्र्यात आणि बियांत एक पदार्थ असतो, तो स्वतः कडू नाही, पण रसाच्या आंबटपणात हळूहळू लिमोनिनमध्ये बदलतो, आणि लिमोनिन चांगलंच कडू. रस गरम केला तर हे आणखी झपाट्याने होतं. मोसंबीचंही तेच, ज्यूसवाला म्हणूनच ‘लगेच प्या’ म्हणतो. त्यामुळे संत्री मिक्सरमध्ये घालू नका. बिया भरडल्या की संपलं. आडवी कापून हातयंत्रावर हलक्या हाताने पिळा, शेवटच्या थेंबासाठी दाबत बसू नका, लगेच गाळा. आणि हे काम संध्याकाळी सहाच्या आधी करू नका. ‘आधी करून ठेवता येईल का’ याचं उत्तर: बाकी सगळं येईल, संत्र्याचा रस नाही.

डाळिंबाचंही असंच. भगवा जातीचं घ्या, सोलापूरकडून येतं ते, रंगही गडद आणि दाणाही मऊ. मिक्सर लावायचा तर दोन-तीन झटकेच द्या, दाणे फुटले पाहिजेत, आतलं बी नाही. बी वाटलं गेलं की रस तुरट आणि गढूळ होतो. मलमलच्या फडक्यातून दाणे पिळले तर सर्वात छान, फक्त फडकं जुनं घ्या. ते परत पांढरं होणार नाही.

अननस आपल्याकडे बराचसा केरळातून येतो. रंगाकडे पाहू नका, बुडाला नाक लावा. तिथे गोड वास आला तर पिकलेलं आहे, आंबूस वास आला तर पुढे गेलेलं. मिक्सरमधून काढलेल्या रसावर जाड फेस येतो. तो रस अर्धा तास फ्रिजमध्ये स्थिर ठेवा आणि वरचा फेस चमच्याने काढून टाका, नाहीतर सोडा घातल्यावर तो दुप्पट फुगतो आणि ओंगळ दिसतो. आणखी एक: मुलांसाठी पंचात जेलीचे चौकोन सोडायचा विचार असेल तर जिलेटिनची जेली ताज्या अननसात टिकत नाही. त्यातलं ब्रोमेलेन जिलेटिन तोडतं आणि तासाभरात तुमचे चौकोन पाण्यात जातात. चायना ग्रासची जेली टिकते. शिवाय ती शाकाहारी, सोसायटीच्या कार्यक्रमात हा प्रश्न कुणीतरी विचारतोच.

आता सालीचं काम. पंचाला सणाचा वास यातूनच येतो आणि नेमकं हेच लोक वगळतात. चांगली, डाग नसलेली आठ संत्री बाजूला काढा. कोमट पाण्यात घासून धुवा, कोरडी पुसा. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, सोलाणं फळावर नीट चालत नाही. म्हणून आधी साल नेहमीसारखी हाताने काढा, ताटात उलटी पसरा आणि आतला पांढरा थर धारदार चमच्याने किंवा सुरीने खरवडून काढा. नारिंगी पापुद्रा तेवढा राहू द्या. तो 600 ग्रॅम साखरेत घाला आणि हाताने चोळा. नुसती कालवाकालव नको, पुरणाला लावतो तसा जोर लावा. दोन-तीन मिनिटांत साखर ओलसर होते, फिकट नारिंगी दिसायला लागते आणि स्वयंपाकघरभर वास सुटतो. झाकून रात्रभर ठेवा. साखर सालीतलं तेल ओढून घेते, सकाळी तळाशी दाट, चकचकीत पाक दिसेल. पाणी नाही, गॅस नाही. दुसऱ्या दिवशी त्यात लिंबाचा रस घालून साखर पूर्ण विरघळवा, साली पिळून काढा, गाळा. बाटलीतल्या इसेन्सने हा वास येत नाही.

साली फेकू नका, वाळवून ठेवल्या तर चहात चालतात.

चहाबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथे बहुतेकांचा विश्वास बसत नाही. ‘पंचात चहा?’ असं विचारणाऱ्या बाईच नंतर येऊन ‘यात काय घातलंय’ म्हणून विचारतात. चहाची चव लागता कामा नये, फक्त जिभेवर एक कोरडी पकड जाणवली पाहिजे. आपली रोजची सीटीसी पावडर यासाठी नको. ती दुधासाठी बनवलेली असते, दुधाशिवाय उग्र लागते. पानांचा ऑर्थोडॉक्स चहा घ्या, शक्यतो निलगिरीचा. तो गार झाल्यावरही बराच स्वच्छ राहतो. कडक चहा उकळून फ्रिजमध्ये ठेवला तर पुष्कळदा गढूळ होतो, दुधाचा थेंब पडल्यासारखा दिसतो. तो खराब झालेला नसतो, त्यातले तुरट घटक आणि कॅफीन थंडीत एकमेकांना धरून बसतात. हे टाळायचं तर चहा गरम करायचाच नाही. 2 लिटर प्यायच्या गार पाण्यात 25 ग्रॅम पानं घाला, झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी गाळा. रंग मधासारखा, चव मऊ, कडूपणा नाही.

काढा त्याच्या उलट, तो उकळायचाच. सव्वा लिटर पाण्यात 200 ग्रॅम ठेचलेलं आलं, बोटभर लांबीच्या दालचिनीच्या चार काड्या, पंधरा लवंगा, वीस-पंचवीस मिरे. मंद आचेवर वीस मिनिटं, मग झाकून गार होऊ द्या, बारीक फडक्यातून गाळा. नवीन आलं पाणचट असतं, जुनं, रेषाळ, थोडं सुरकुतलेलं घ्या. लवंग वाढवायचा मोह आवरा. लवंग जास्त झाली की पंच दंतवैद्याच्या खोलीसारखा वास मारतो, आणि मग त्यावर काही उपाय नाही. हा काढा नुसता पिऊन पाहिला तर ठसका लागला पाहिजे. दहाव्या हिश्शाला तो जातो तेव्हाच कुठे बाकीच्यांमध्ये जाणवतो.

म्हणजे वेळापत्रक असं बसतं: 30 तारखेला दुपारी बर्फ फ्रीझरमध्ये, रात्री चहा फ्रिजमध्ये, साल साखरेत. 31 ला दुपारी काढा, अननस, डाळिंब. सहानंतर संत्री. आठच्या सुमारास सगळं एकत्र, आणि सोडा अगदी शेवटी, लोक समोर उभे असताना.

साखर आणि लिंबू पक्के करायच्या आधी एक चाचणी घ्या. खोलीच्या तापमानाला चाखून ठरवलेली गोडी बर्फात फिकी लागते, कारण थंड जिभेला गोड कमी कळतं. त्यात बर्फ वितळून पाणी वाढतं ते वेगळं. म्हणून मिश्रणाचे तीन भाग आणि सोड्याचा एक भाग एका ग्लासात घ्या, बर्फाचा तुकडा टाका, पाच मिनिटं तसंच राहू द्या आणि मग चाखा. आंबट कमी वाटलं तर एकदम लिंबू पिळू नका. आधी विचार करा की गोड जास्त आहे की आंबट कमी. गोड जास्त असेल तर चहा वाढवा. सपक वाटत असेल तर काढा आणि चिमूटभर मीठ. लिंबू सर्वात शेवटी. घरचे दोन जण चाखायला बोलवा, पण तिसरा नको, तिसऱ्याचं मत नेहमी उलटं असतं आणि मग रात्रभर तेच चालतं.

भांडं स्टीलचं किंवा काचेचं. आजीचं पितळेचं घंगाळ फोटोत फार देखणं दिसतं, पण आंबट रस त्यात ठेवायचा नाही, तांब्यातही नाही. कल्हई उडालेली असेल तर तांबं रसात उतरतं, मळमळ आणि उलट्या होतात. ॲल्युमिनियमचं पातेलंही नको. घंगाळ वापरायचंच असेल तर त्यात बर्फ भरा आणि काचेचं भांडं त्यात बसवा. वाढायला ओगराळं घ्या, आणि त्याचा दांडा भांड्यापेक्षा लांब असू द्या, नाहीतर दहा मिनिटांत ते बुडालेलं असतं आणि कुणीतरी बाही वर करून हात घालतं.

बर्फ छोट्या खड्यांचा नको. खडे पटकन वितळतात, कारण त्यांचा बराच पृष्ठभाग रसाला लागतो. मोठा गोळा हळू वितळतो. दीड-दोन लिटरचे स्टीलचे डबे घ्या, त्यात प्यायचं पाणी, संत्र्याच्या चकत्या आणि डाळिंबाचे दाणे घाला. फळ वर तरंगतं म्हणून आधी निम्मं पाणी गोठवा, मग चकत्या रचून वरून उरलेलं ओता. असे दोन डबे पूर्ण गोठायला चोवीस तास धरा. घरचा फ्रीझर भरलेला असेल तर शेजारच्यांचा मागा, सोसायटीचा कार्यक्रम आहे, त्यांनीही काहीतरी करावं. बाजारातून बर्फाची लादी आणत असाल तर खाण्याचा बर्फ आहे का ते विचारून घ्या. मासळी आणि माल गार ठेवण्याचा बर्फ पेयात चालत नाही. 2018 पासून महाराष्ट्रात अशा अखाद्य बर्फात निळा रंग घालणं बंधनकारक केलेलं आहे. निळसर दिसला की परत पाठवा.

धूर निघणारा ड्राय आइस हल्ली इव्हेंटवाले सुचवतात. माझं उत्तर सरळ नाही असं असतं. तो गोठलेला कार्बन डायऑक्साइड असतो, उणे 78 अंशांचा. तुकडा चुकून तोंडात गेला तर तोंड भाजतं. 2024 मध्ये गुरुग्रामच्या एका रेस्तराँमध्ये जेवणानंतर मुखवास म्हणून तो दिला गेला आणि पाच जण रक्ताच्या उलट्या होऊन रुग्णालयात गेले. जिथे वीस मुलं ओगराळ्यासाठी भांडणार आहेत तिथे हे खेळ नकोत.

सोडा साधा, बिनगोडाचा. लिंबाचा गोड सोडा घातला की तुमचा साखरेचा सगळा हिशोब कोलमडतो, मागच्या वर्षी तेच झालं असणार. बाटल्या दिवसभर फ्रिजमध्ये हव्यात. कोमट सोड्यातून वायू लगेच निसटतो, थंड पाण्यात तो धरून राहतो. भांड्याच्या कडेने हळू ओता, वरून धार सोडू नका, आणि ओतल्यावर ढवळायचं ते एकदाच, तळापासून वर. सगळा पंच एकदम भांड्यात काढू नका. तीन-साडेतीन लिटर मिश्रण, लिटरभर सोडा, एक बर्फाचा गोळा, एवढंच पुढे ठेवा. संपत आलं की पुन्हा भरा. उरलेलं मिश्रण फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या पेटीत राहू द्या. ताजा रस दोन तासांहून जास्त उघड्यावर ठेवू नये, गच्चीवर थंडी असली तरी.

वरून घालायच्या फळांत सफरचंदाचा आग्रह असेल तर फोडी करताच लिंबू पिळलेल्या पाण्यात बुडवा, काळ्या पडायचं बरंच लांबतं. पण मला विचाराल तर सफरचंद नकोच. पेरूच्या पातळ चकत्या, डाळिंबाचे दाणे, आणि महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी घ्या. डिसेंबरची स्ट्रॉबेरी थोडी आंबट असते, रस करायला महाग पडते, पण चकत्या करून वर टाकायला तिच्यासारखं काही नाही. द्राक्षं या दिवसांत बागलाणची आगाप येतात. ती घालणार असाल तर लहान मुलांसाठी उभी चिरा, अख्खं द्राक्ष घशात अडकू शकतं. केळं, चिकू, पपई यांना इथे काम नाही, ती सगळं घट्ट आणि मातकट करतात. दूध, सायही नको, फाटतं.

खोक्यातला रस वापरावा का? वेळ नसेल तर अननसाचा वापरा, तो त्यातल्या त्यात बरा असतो. पण पाठीमागचं वाचा. ‘रेडी टू सर्व्ह’ प्रकारच्या पेयात फळाचा रस किमान 10 टक्के असला की नियमाने पुरतो, बाकी पाणी आणि साखर. दाट रसात पाणी घालून पुन्हा तयार केलेल्या रसावर ‘100 टक्के फळांचा रस’ असं लिहू नका, असा आदेश एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2024 च्या जूनमध्ये काढला, तो याच गोंधळापायी. खोक्यातला गोड रस घेतलात तर साखर आधी निम्मी करा आणि ग्लासातल्या चाचणीनंतर ठरवा. रंगीत सिरपं, ती निळी आणि पोपटी, कृपा करून दुकानातच राहू द्या. डाळिंबाचा लाल रंग नाताळाला आणि नवीन वर्षाला पुरेसा आहे.

मुलांचं भांडं वेगळं करा. चहात कॅफीन असतं आणि आल्या-मिरीचा चटका सहा वर्षांच्या पोराला आवडत नाही. मुलांसाठी चहाऐवजी नारळपाणी, काढा निम्मा. गर्भवती असतील त्यांनाही हेच द्या. भांड्यांवर चिठ्ठ्या लावा, मोठ्या अक्षरात.

मधुमेह असलेल्यांचा विचार आधीच करा, ऐनवेळी ‘तुम्हाला पाणी देऊ का’ असं विचारणं बरं दिसत नाही. वरच्या प्रमाणात एका ग्लासात फळांची आणि घातलेली मिळून साधारण तीन चमचे साखर पडते. त्यांच्यासाठी वेगळ्या जगमध्ये चहा, काढा, लिंबू, मीठ आणि सोडा एकत्र करा, रंगाला दोन चमचे डाळिंबाचा रस. हा ग्लास दिसायला इतरांसारखाच असतो, आणि मला स्वतःला तोच जास्त आवडतो. कुणी पपनसाचा रस घालायचं सुचवलं तर टाळा. कोलेस्टेरॉलच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांशी त्याचं जमत नाही आणि पन्नास माणसांत त्या गोळ्या घेणारे नक्की असतात.

आजी-आजोबांना पुण्याच्या डिसेंबरात रात्री नऊला बर्फाचा पंच देऊन तुम्ही शिव्याच खाल. त्यांच्यासाठी गरम करा, आणि तो फार सोपा आहे. कोकमाची आमसुलं धुवून गरम पाण्यात अर्धा तास भिजवा, कुस्करून गाळा. त्यात तोच आल्याचा काढा आणि गूळ घालून एक उकळी आणा, चवीला मीठ. आच बंद केल्यावर वरून थोडा संत्र्याचा रस, उकळत्यात नाही, शिजलेल्या संत्र्याचा वास कुणालाच आवडत नाही. थर्मासमध्ये भरा. बाजारातलं आगळ वापरत असाल तर त्यात मीठ असतं हे लक्षात ठेवा, वरून घालू नका. अमृत कोकम घेतलं तर त्यात साखर असते, मग गूळ वगळा. दोन लिटर केलं तर तरुण मंडळीही तिकडे वळतात, म्हणून तीन करा.

तुम्ही ‘थेंबही नको’ म्हटलंय, तेव्हा हेही सांगतो. काही गोष्टींतून मद्य न कळत येतं. कॉकटेलच्या पाककृतींत ‘दोन थेंब बिटर्स’ (कडू मसाल्यांचा अर्क) असं लिहिलेलं असतं, त्या बाटलीत बहुधा 40 टक्क्यांच्या वर मद्य असतं. अस्सल व्हॅनिला अर्कही मद्यातच काढलेला असतो. ‘नॉन-अल्कोहोलिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिअरमध्येही अर्ध्या टक्क्यापर्यंत मद्य असू शकतं, आपल्या नियमांत त्याहून जास्त असेल तरच पेयाला मद्य म्हणतात. धर्मामुळे, औषधामुळे किंवा सुटलेल्या व्यसनामुळे जे अजिबात घेत नाहीत, त्यांच्यासाठी हा अर्धा टक्काही प्रश्न असतो. कुणी कौतुकाने अशी बाटली घेऊन आलं तर ती वेगळ्या टेबलावर ठेवा, पंचात ओतू देऊ नका. आणि पंचाच्या भांड्याशेजारी एक जबाबदार माणूस उभा करा. रात्री अकरानंतर कुणाला तरी विनोद सुचतो.

उरलेल्याचं काय? सोडा घातलेला पंच ठेवू नका, ओतून द्या. सोडा न घातलेलं मिश्रण कुल्फीच्या साच्यांत भरून लगेच फ्रीझरमध्ये टाका. बाटलीत भरून दोन तारखेला प्यायला गेलात तर संत्र्याने आपली खोड दाखवलेली असेल.